पाहुणे मुरले पाहिजेत

पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेती आणि राहणी आखायच्या पद्धतीवर आमची वस्ती तेव्हा नुकतीच उभी राहत होती. पहिला मोठा पाऊस होऊन दोनच दिवस झाले होते. उन्हाळाभर उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या समतल चरात पहिल्यांदा पाणी उभं राहिलं होतं. चराच्या खालच्या अंगाला मातीचा जो वरंबा असतो त्याच्यावर नुकतीच लावलेली बोटाएवढी रोपं होती, माती अजून बसलेली नव्हती, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जायचा. त्या शनिवारी चाळीसेक जणांचा एक ग्रुप आला, दोन तासांसाठी. चांगली माणसं होती, मनापासून प्रश्न विचारत होती, एका बाईंनी तर सगळं वहीत लिहून घेतलं. साठलेल्या पाण्याचा फोटो नीट यावा म्हणून त्यातले बरेच जण वरंब्यावर चढले आणि आम्हीही कुणी त्यांना थांबवलं नाही, कारण त्यांना ते पाणी दाखवताना आम्हालाच इतका आनंद होत होता. एका जागी माती दबून वरंबा चार बोटं खाली बसला. रात्री परत पाऊस आला आणि पाण्याला ती जागा बरोबर सापडली. जास्तीचं पाणी काढून द्यायचा सांडवा अजून बांधून झालेला नव्हता. सकाळी जाऊन बघतो तर तिथून भगदाड पडलेलं, खालच्या दोन वाफ्यांवर गाळ पसरलेला आणि साठलेलं सगळं पाणी ओढ्याला गेलेलं.

चर दुरुस्त करायला चार दिवस लागले, रोपं परत लावायला त्याहून जास्त. त्या चार दिवसांत फावडं चालवताना आमच्यात जो वाद सुरू झाला तो मी तिथं राहिले ती तीन वर्षं चालूच होता, आणि इतर अशा वस्त्यांमधल्या लोकांशी बोलल्यावर कळलं की तो सगळीकडेच चालू असतो. वाद असा की अजून घडत असलेल्या गावात पाहुण्यांना येऊ द्यायचं का, आणि द्यायचं तर कसं.

एक बाजू म्हणायची की दार सताड उघडं ठेवा. आपण जे करतोय ते लोकांनी बघितलं नाही तर ते पसरणार कसं, आणि पसरणारच नसेल तर आपण इथं येऊन नुसतं स्वतःपुरतं सुखी आयुष्य उभं केलं असं होईल. दुसरी बाजू म्हणायची की दार बंद करा, निदान पाच वर्षं तरी. आधी घरं होऊ देत, झाडं डोक्याच्या वर जाऊ देत, आपली एकमेकांशी भांडणं मिटवायची पद्धत बसू दे, मग बघू. मी सुरुवातीला पहिल्या बाजूची होते, भगदाड पडल्यावर दुसऱ्या बाजूला गेले आणि आता मला दोन्ही पटत नाहीत.

पाणलोटाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो एक गोष्ट हमखास सांगेल: पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्या पाण्याला थांबायला लावा, थांबलेल्या पाण्याला मुरायला लावा. आम्ही हे पाण्यासाठी पाठ केलं होतं आणि माणसांसाठी विसरलो होतो. पाऊस नको असं कुणी शेतकरी म्हणत नाही आणि उतारावरून सुसाट पळणारा पाऊस हवा असंही कुणी म्हणत नाही. पाहुण्यांचं अगदी तसंच आहे. दोन तासांसाठी येणारी चाळीस माणसं म्हणजे पळतं पाणी, ते जाताना माती घेऊन जातं. तेच चाळीस जण वर्षभरात चार-चारच्या गटानं येऊन दोन-दोन आठवडे राहिले तर त्यांच्यातले काही जण त्या जमिनीत मुरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाची रचना करताना पाणी, वारा, ऊन यांचा विचार करतो तसा पाहुण्यांचाही पहिल्या दिवसापासून रचनेत विचार करा, त्यांना नंतरची अडचण किंवा नंतरची कमाई समजू नका.

ज्यांना पर्माकल्चर हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ही कल्पना मांडली, 1978 मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. पर्मनंट आणि अ‍ॅग्रिकल्चर हे शब्द जोडून हा शब्द झाला, पुढे शेतीच्या पलीकडे जाऊन सगळी राहणीच त्यात आली. त्याच्या मुळाशी तीन गोष्टी मानतात: जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि जास्तीचं वाटून घेणं. आता गंमत नाही, खरंच बघा, अशा वस्त्यांमध्ये जमिनीच्या काळजीवर तासन्तास बोललं जातं, वाटून घेण्यावरही बोललं जातं, मधली जी माणसांची काळजी आहे ती मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलेली असते. पाहुण्यांचा सगळा भार पडतो तो नेमका तिथं.

दार बंद करा म्हणणाऱ्यांना मी आधी उत्तर देते, कारण त्यांचा त्रास खरा आहे पण उपाय चुकीचा आहे. हे ज्ञान वाचून अर्धंच येतं. याचा जो ठरलेला मूळ कोर्स आहे तो 72 तासांचा असतो, त्यात नकाशा काढायला, समपातळी रेषा आखायला शिकवतात, पण चरात पाणी उभं राहिल्यावर त्याच्याखालची जमीन आठवड्याभरानं कशी लागते हे हाताला कळायला तिथं असावं लागतं. झिम्बाब्वेत चिमानिमानी भागात चिकुक्वा म्हणून गावांचा एक समूह आहे. तिथले झरे आटत चालले होते, डोंगर उघडे पडले होते. 1991 च्या सुमारास तिथल्या लोकांनी पर्माकल्चरच्या पद्धतीनं काम सुरू केलं, चर खणले, घळींमध्ये आणि झऱ्यांच्या वर झाडं लावली, आणि झरे परत वाहू लागले. मला त्यातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते सगळं गावकऱ्यांनी स्वतःच्या गावात केलं आणि मग स्वतःचं शिकवायचं केंद्र उभं केलं, बाहेरचे लोक शिकायला येतात ते तिथं. त्यांनी गेट लावून घेतलं असतं तर आज मला त्यांचं नावही माहीत नसतं. शिवाय उद्याचा रहिवासी आज पाहुणा म्हणूनच येणार ना. पाच वर्षं दार बंद ठेवलेल्या वस्तीत पाच वर्षांनी नवीन कोण येणार, आणि आधीच्यांपैकी दोघं-तिघं सोडून गेले तर त्यांची जागा कोण घेणार?

पण सताड उघडं ठेवा म्हणणाऱ्यांनी कधी हिशेब केलेला नसतो. हिशेब करताना लोक खाटा मोजतात. वीस जणांची झोपायची सोय आहे, म्हणजे वीस पाहुणे चालतील. खाटा हा मोजायचा आकडा नाहीच. मोजायचं ते सगळ्यात कोरड्या महिन्यातलं पाणी आणि कंपोस्ट टॉयलेटचा, म्हणजे मैला कुजवून माती करणाऱ्या संडासाचा, खड्डा.

पाण्याचं बघा. काटकसरीनं माणशी दिवसाला 50 लिटर धरलं, पिणं, स्वयंपाक, बादलीभर अंघोळ, कपडे, सगळं मिळून, तर वीस पाहुण्यांना महिन्याला 30,000 लिटर लागतं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी मिळतं. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर 300 मिलिमीटर पाऊस पडून त्यातला थेंबही वाया गेला नाही तर जेवढं साठेल तेवढं त्या वीस जणांनी एका महिन्यात संपवलं. हे पाणी आपण झाडांच्या पहिल्या तीन उन्हाळ्यांसाठी धरून ठेवलेलं असतं. पहिले तीन उन्हाळे काढले की बहुतेक झाडं आपली आपण उभी राहतात, पण त्या तीन उन्हाळ्यांत पाणी कमी पडलं तर सगळी मेहनत वाया. आणि पाहुणे नेमके कोरड्या हवेत येतात कारण सुट्ट्या तेव्हा असतात आणि रस्ते बरे असतात.

टॉयलेटबद्दल बोलायला लोक लाजतात पण माझ्या मते गावाची पाहुणे झेपायची खरी ताकद तिथंच कळते. आमच्याकडे दोन कप्प्यांचं होतं. एक कप्पा भरेपर्यंत वापरायचा, मग तो झाकून टाकायचा आणि दुसरा सुरू करायचा, दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं सगळं कुजून त्याची माती होते. वर्षाला एक कप्पा भरेल असा अंदाज धरून रहिवाशांच्या संख्येवर ते बांधलं होतं. पाहुणे सुरू झाल्यावर पहिला कप्पा सात महिन्यांत भरला. दुसरा पुढच्या सात महिन्यांत. म्हणजे पहिला उघडायची वेळ आली तेव्हा त्याला विश्रांती मिळाली होती फक्त सात महिने. वर्षभर विश्रांती द्यायची ती उगाच नाही, जंतांची अंडी फार चिवट असतात, ती मरायला उष्णता तरी लागते नाहीतर वेळ तरी लागतो. आम्ही तो माल उपसून बाजूला वेगळा ढीग लावून झाकून ठेवला आणि भाजीच्या आसपासही जाऊ दिला नाही, पण तो उपसण्याचं काम ज्या दोघांनी केलं ते तेव्हाच म्हणाले की परत आम्ही करणार नाही.

त्यात अजून एक. प्रत्येक वेळी वापरल्यावर दोन मुठी भुसा नाहीतर वाळकी पानं टाकायची असतात. हे पाहुण्यांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं, दाराच्या आत पाटीही असते. एक दिवसाचा पाहुणा ते विसरतो, दोन-तीन दिवसांचा कंटाळा करतो, आणि आठवड्याचा पाहुणा पाचव्या दिवशी स्वतः पोतं घेऊन पानं गोळा करायला निघतो, कारण तोवर वास कशानं येतो आणि कशानं थांबतो हे त्याला कळलेलं असतं. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता मला पाहुणा मुरला का नाही हे ओळखायला दुसरी खूण लागत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह: कोरड्या महिन्यात जेवढ्या माणसांचं पाणी आहे आणि कप्प्याला वर्षभर विश्रांती देऊन जेवढी माणसं बसतात, त्या दोनपैकी जो आकडा लहान तो गावाचा आकडा, त्यातून रहिवासी वजा करा, उरतील तेवढे पाहुणे. उरलेला आकडा दोन आला तर दोन. पुढच्या वर्षी टाकी वाढवली तर पाच.

आता माणसांकडे येते. पाहुणे येतात तेव्हा खड्डा खणणाऱ्याला हात मिळतात, खोली बांधणाऱ्याला हात मिळतात, आणि स्वयंपाकघरात मात्र ताटं वाढतात. बारा जणांचा स्वयंपाक बावीस जणांचा होतो. अंथरुणं धुणं, दिवे दाखवणं, कुठं काय आहे सांगणं, कुणाला बरं नाही ते बघणं, कुणाला रात्री रडू आलं तर शेजारी बसणं, कारण अशा ठिकाणी आयुष्यातल्या मोठ्या अडचणीतून बाहेर पडायला आलेली माणसं खूप असतात, हे सगळं काम कुठल्या तक्त्यावर लिहिलेलं नसतं. आमच्याकडे कामाचा फळा होता. त्यावर चर, रोपवाटिका, बांधकाम, खत असे रकाने होते. पाहुणे असा रकाना यायला दोन वर्षं गेली आणि तोवर ते काम दोन-तीन बायकाच करत होत्या, आपणहून, आणि त्यातली एक थकून निघून गेली. ती गेल्यावर रकाना आला. माणसांची काळजी हे तत्त्व भिंतीवर लावून ठेवणाऱ्या गावानं ती काळजी कोण करतंय हे मोजलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि मी स्वतः त्यात होते.

आणि मुलं. याबद्दल फार कमी बोललं जातं. मोठ्यांना पाहुणा गेला की दोन दिवस चुकल्यासारखं होतं आणि मग कामात विसरतो. मुलं जीव लावतात. आमच्याकडे तेव्हा सहा वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या वर्षी ती प्रत्येक नवीन माणसाला हात धरून तिचं आवडतं झाड, कोंबड्यांचं खुराडं, बेडकांचं डबकं सगळं फिरवून दाखवायची. तिसऱ्या वर्षी एक नवीन व्हॉलंटियर आला, त्यानं तिला नाव विचारलं, तर तिनं नाव सांगायच्या आधी विचारलं, तू कधी जाणार? तो म्हणाला, रविवारी. बरं, म्हणाली आणि परत खेळायला गेली. तिनं त्याला काहीच दाखवलं नाही. त्या दिवशी रात्रीच्या बैठकीत तिच्या आईनं हे सांगितलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

पर्माकल्चरमध्ये जमिनीचे शून्य ते पाच असे झोन पाडतात. शून्य म्हणजे घर, एक म्हणजे दारातली रोज हात लागणारी बाग, असं करत पाच म्हणजे जिथं आपण हातच लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि शिकायचं, अशी रानाची जागा. आम्ही पाचवा झोन काटेकोर पाळायचो, तिथं पाहुण्याला पाऊलही टाकू द्यायचो नाही. पण शून्य झोन, म्हणजे आमची घरं, आमचं जेवणाचं टेबल, आमच्या संध्याकाळी, त्या मात्र सगळ्यांना मोकळ्या होत्या. मला वाटतं माणसांनाही एक पाचवा झोन लागतो. आठवड्यातले दोन दिवस फक्त रहिवाशांचं जेवण. वर्षातला एक सबंध ऋतू पाहुण्यांशिवाय. मुलांची एक जागा जिथं फक्त ओळखीची माणसं येतात. असं सांगितलं की काही जणांना ते आपल्या तत्त्वांच्या विरुद्ध वाटतं, सगळ्यांसाठी खुलं असणं हाच आपला धर्म असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी क्रिस्टल वॉटर्सचं उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधलं हे पर्माकल्चरवर आखलेलं पहिल्या काही गावांपैकी एक, साधारण 640 एकरांवर 83 घरांच्या जागा, बाकीची बहुतेक जमीन सामायिक. तिथं कुत्री-मांजरं पाळायला बंदी आहे, रानातल्या प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून, आणि पाहुण्यांनीही ती आणायची नाहीत. पाहुण्यांसाठी तिथं तंबू ठोकायची वेगळी जागा आहे. तिथं लोक येतातच, वर्षानुवर्षं येतायत. नियमांमुळे कुणाचं मन मोडून गाव ओस पडलं असं झालेलं नाही.

कामाच्या बाबतीत थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. राहणं-जेवण द्यायचं आणि बदल्यात दिवसाचे चार ते सहा तास काम घ्यायचं ही पद्धत आता जगभर रुळलीय. ती पसरली वूफ (WWOOF) नावाच्या संस्थेमुळे. 1971 मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपार्ड यांनी ती सुरू केली, शहरातल्या माणसांना सेंद्रिय शेतावर वीकेंडला जाऊन काम करता यावं म्हणून. वर्किंग वीकेंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स असंच तेव्हा नाव होतं. पुढे वीकेंडचे आठवडे झाले, महिने झाले, देश ओलांडून लोक यायला लागले आणि नावातला वर्क हा शब्दही गेला. हे मला फार सूचक वाटतं, कारण हा नक्की मजूर का विद्यार्थी का पाहुणा हा घोळ अजून कुणालाच नीट सोडवता आलेला नाही आणि घडत असलेल्या गावात तर तो रोज उभा राहतो.

आमचा अनुभव सांगते. नवीन माणूस पहिले तीन-चार दिवस जेवढं काम करतो त्यापेक्षा जास्त वेळ त्याला शिकवण्यात जातो. रोपवाटिकेत त्याला बसवलं तर तण म्हणून रोपं उपटली जातात, आमच्याकडे एका सकाळी शेंगवर्गीय झाडांची एक अख्खी ओळ अशी गेली, महिन्याभराची रोपं, ढीग करून बाजूला नीट ठेवलेली, त्या मुलाला इतकं वाईट वाटलं की तो जेवायला आला नाही. चूक त्याची नव्हती. पहिल्या दिवशी त्याला तिथं बसवणाऱ्यांची होती. म्हणून थोड्या दिवसांच्या माणसाला जे काम बिघडत नाही ते द्या. वाळकी पानं गोळा करणं, आच्छादन पसरणं, दगड वाहणं, वाट दुरुस्त करणं. या कामांना कमी समजू नका, आच्छादनाशिवाय पहिल्या वर्षी काहीच जगत नाही. महिनाभर राहिलेल्याच्या हातात रोपवाटिका द्या. आणि ज्या कामाला कसब लागतं, भिंत, छप्पर, विहिरीचं काम, तिथं आसपासच्या गवंड्याला, सुताराला रीतसर मजुरी देऊन बोलवा. फुकटचे हात आहेत म्हणून घरं त्यांच्याकडून बांधून घेणारी वस्ती दोन नुकसानं करते, घर धड होत नाही आणि शेजारच्या माणसाचा रोजगार जातो, वर तोच शेजारी बघत असतो की लांबून आलेली पोरं फुकटात हे काम करतायत.

पैशांचं आता बोललंच पाहिजे. कोर्स, राहण्याचं शुल्क, शिबिरं, यातून पैसा येतो आणि सुरुवातीच्या काळात त्याची खरंच गरज असते, हे मी नाकारत नाही. पण तो पैसा महिन्याच्या खर्चात गेला की गावाचा तोल जातो. स्कॉटलंडमधली फिंडहॉर्न ही वस्ती या कामातल्या सगळ्यांना माहितीय, 1962 मध्ये एका कॅरव्हॅन पार्कात तीन मोठी माणसं आणि मुलं अशी सुरुवात झाली, पुढे ते जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या इको-व्हिलेजपैकी, म्हणजे पर्यावरणाला धरून उभारलेल्या गावांपैकी, एक झालं, 1995 मध्ये जगभरच्या अशा गावांचं जाळं उभं राहिलं ते तिथल्याच परिषदेतून. तिथली जी मुख्य संस्था होती तिचा डोलारा शिबिरांना येणाऱ्या पाहुण्यांवर उभा होता. कोरोनात लोक यायचे थांबले, 2021 मध्ये आगीत तिथली सामुदायिक इमारत आणि ध्यानाची जागा जळाली, आणि 2023 मध्ये त्या संस्थेला आपले कार्यक्रम बंद करावे लागले, माणसं कमी करावी लागली. माणसं अजून तिथं राहतायत, गाव आहे, पण साठ वर्षांचं नाव असलेल्या संस्थेचं हे होऊ शकतं तर तीन वर्षांच्या वस्तीचं काय घेऊन बसलात. पाहुण्यांच्या पैशातून टाकी बांधावी, चर खणावेत, कुंपण घालावं, म्हणजे पाहुणे उद्या यायचे थांबले तरी ती वस्तू जागेवर राहते. धान्य, वीज, औषधं हा खर्च रहिवाशांच्या स्वतःच्या कमाईतून भागला पाहिजे. आणि तो भागत नसेल तर पाहुणे वाढवण्याऐवजी आधी त्यावर बैठक घ्या.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो खरा आहे. तुम्ही म्हणता दोन आठवडे राहा, पण दोन आठवडे कुणाला मिळतात? नोकरी करणाऱ्याला नाही, लहान मूल असलेल्या बाईला नाही, ज्याचं हातावर पोट आहे त्याला तर नाहीच. मग तुमच्या गावात फक्त रिकामा वेळ असलेले सुखवस्तू तरुण येणार. मी यावर खूप विचार केला आणि माझं मत बदललं. आधी मी सलग राहण्यावर अडून बसले होते, आता मला वाटतं की परत येणं हेही थांबणंच आहे. आमच्याकडे एक शिक्षिका यायची, तिला एका वेळी एक वीकेंडच मिळायचा, पण ती दर तीन महिन्यांनी एकदा आली, दोन वर्षं. तिनं तेच झाड आठ वेळा बघितलं. कुठल्या फांदीला काय झालं हे ती आम्हाला विचारायची तेव्हा आमच्या लक्षात नसायचं. पंधरा दिवस सलग राहून गेलेल्या पुष्कळांपेक्षा तिला त्या जमिनीचं जास्त कळलं होतं. म्हणून नियम करायचाच तर असा करा की पहिल्यांदा येणाऱ्यांपेक्षा परत येणाऱ्यांना आधी जागा.

आणि जो खरंच एकदाच, दोनच तासांसाठी येणार, त्याचं काय? त्यालाही हाकलायचं नाही. कितीही चर खणले तरी मोठ्या पावसात काही पाणी वाहून जाणारच, म्हणून तर सांडवा बांधतात, दगड रचून, पाण्यानं कुठून जायचं ते आधीच ठरवून, म्हणजे ते कुठंही भगदाड पाडत नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस, दगड टाकून पक्की केलेली एक वाट, जिच्यावरून पाच-सहा महत्त्वाच्या गोष्टी दिसतात, एक माणूस ज्याला दाखवायला आवडतं आणि ज्याचं त्या दिवशीचं बाकीचं काम माफ, आणि वाटेच्या शेवटी एक जागा जिथं बसून प्रश्न विचारता येतात. आम्ही हे भगदाडानंतर दोन वर्षांनी केलं. पहिल्या वर्षीच करायला हवं होतं, घर बांधायच्याही आधी. लोकांची काहीच तक्रार नव्हती, उलट तेवढ्यात जास्त समजलं असंच ते सांगायचे.

ज्या वस्तीतलं मी सांगतेय तिथं आम्ही सगळे बाहेरून आलेलो होतो. आसपासच्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि त्यांच्या दृष्टीनं पाहुणे आम्ही होतो, तेही न विचारता आलेले, स्वतःचे पाहुणे घेऊन. आमच्या पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ त्यांच्या ओसरीवर जायची, आमच्या चरामुळे खालच्या शेतात पाणी कमी येईल का अशी त्यांना धास्ती होती, आणि आम्ही त्यांच्याशी पहिल्या वर्षी धड बोललोही नाही, दूरदूरच्या लोकांना दाखवण्यात गुंग होतो. पाहुण्यांवर जो कुणी धोरण ठरवायला बसेल त्यानं हा कागद आधी भरावा: शेजारच्या गावातलं कोण इथं येतं, किती वेळा येतं, आणि येत नसेल तर का.

खालच्या शेताचे जे मालक होते ते आजोबा प्रत्येक मोठ्या पावसानंतर यायचे, आत यायचे नाहीत, कुंपणाच्या पलीकडं उभे राहायचे, चराकडे बघायचे आणि जायचे. भगदाड पडलं त्या सकाळीही ते होते. आम्ही त्यांना पाहुण्यांच्या वहीत कधी धरलं नाही कारण ते कधी गेटमधून आलेच नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, पाऊस उघडून महिना झाला तरी त्यांच्या शेतातला वरचा कोपरा ओला होता, तेव्हा ते पहिल्यांदा आत आले. आम्ही चहा घ्या म्हटलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं. वरंब्यावर न चढता कडेकडेनं चालत त्या दुरुस्त केलेल्या जागेपाशी गेले, काठीनं माती टोचून बघितली आणि विचारलं, ही पातळी तुम्ही कशानं धरली? मग आम्ही आमचा लाकडी ए-फ्रेम, पातळी धरायचा A अक्षरासारखा सांगाडा, आणला, तो त्यांनी दोन वेळा जमिनीवर चालवून बघितला, आणि म्हणाले, चार दिवसांसाठी द्या, माझ्याकडेही उतार आहे.